मधली कंपनी, खर्चाची रक्कम आणि आयकराची जबाबदारी

(अंबरपेठ, हैदराबाद येथे मराठी भाषिकांच्या सभेत कामगार विभागाच्या प्रसिद्धी अधिकाऱ्याने केलेले भाषण)



आयकर हा केंद्र सरकारचा विषय आहे आणि मी राज्य सरकारच्या कामगार विभागाचा एक प्रसिद्धी अधिकारी आहे. शिवाय कलाशाखेचा पदवीधर असल्यामुळे आकड्यांशी माझे फारसे सख्य नाही. तेव्हा या विषयावर बोलण्याचा अधिकार मला कोणी दिला, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. तो अधिकार मला एका नोटिशीने दिला. माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा नांदेड जिल्ह्यातून येथे नोकरीसाठी आला, तीन वर्षे एका मधल्या कंपनीमार्फत काम करीत राहिला, आणि एके दिवशी त्याला मिळावयाचा आयकराचा परतावा जुन्या मागणीपोटी परस्पर वळता झाल्याचे त्यास कळले. मागणी कसली, याचा त्याला पत्ताच नव्हता. त्या प्रकरणाची कागदपत्रे चाळता चाळता जे माझ्या ध्यानात आले, ते आपल्यापुढे ठेवावे आणि पुढे आपल्या विभागाच्या पत्रिकेतून गावोगावच्या पालकांपर्यंत व शिक्षकांपर्यंतही पोहोचवावे, एवढाच आजचा हेतू आहे.

अंबरपेठ आणि शेजारचे काचीगुडा हा मराठी माणसाच्या ओळखीचा परिसर आहे. काचीगुड्याचे रेल्वे स्थानक १९१६ सालचे. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असल्यामुळे शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी या शहरात येणे ही मराठवाड्यातील घराण्यांची जुनी रीत होती. त्या पिढीने रेल्वेत, बँकांत, शाळांत, सरकारी कचेऱ्यांत कायम स्वरूपाच्या नोकऱ्या केल्या. पगार देणारा आणि काम सांगणारा एकच असे. कर कापला जाई, वर्षअखेरीस प्रमाणपत्र मिळे आणि विषय संपे. १९९८ साली माधापूर येथे सायबर टॉवर्सचे उद्घाटन झाले आणि त्यानंतर शहराच्या पश्चिमेस जे नवे जग उभे राहिले, तेथील रीत निराळी आहे. तेथे काम एका कंपनीचे असते, नेमणूकपत्र दुसरीचे असते, आणि पुष्कळदा या दोहोंच्या मध्ये आणखी एक तिसरी कंपनी असते. मुले तिला ‘पेरोलवाली कंपनी’ म्हणतात.

आपल्या ग्रामीण वाचकांना ही व्यवस्था समजावून सांगण्यास फार शब्द खर्चावे लागणार नाहीत. ऊसतोडीचा मुकादम त्यांनी पाहिलेला आहे. कारखाना मजुरास ओळखत नाही, मुकादमास ओळखतो. मजूर कारखान्यास ओळखत नाही, मुकादमास ओळखतो. आणि हिशेबाची वही मुकादमाच्या हाती असते. पेरोलवाली कंपनी हा वातानुकूलित कचेरीत बसलेला मुकादमच होय. अर्थात सर्वच मुकादम लबाड नसतात आणि सर्वच कंपन्याही नसतात. परंतु वही दुसऱ्याच्या हाती असली म्हणजे आपल्या नावावर काय लिहिले आहे, हे विचारण्याची सवय सुटते.

माझ्या भाच्याच्या नावावर जे लिहिले होते ते असे. पगारातील काही भाग ‘प्रवासखर्च’, काही ‘दूरध्वनी’, काही ‘पुस्तके व नियतकालिके’ या नावाने दाखविला होता आणि तो करमुक्त धरला होता. पावती एकाही रकमेची नव्हती. कचेरीतील कारकुनाने त्याला सांगितले, की येथे सर्वांचे असेच करतात, पावत्या कोणी मागत नाही. त्याचे विवरणपत्रही त्याच कारकुनाच्या ओळखीच्या एका सल्लागाराने भरले होते, आणि त्यावर ई-मेलचा पत्ता सल्लागाराने स्वतःच तयार केलेला घातला होता. नोटीस त्या पत्त्यावर आली आणि तेथेच पडून राहिली. माझे मेहुणे निवृत्त शिक्षक आहेत. बँकेतील ठेव मोडण्याची वेळ आली तेव्हा ते मला एवढेच म्हणाले, “मी आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या, पण माझ्या मुलाचा हा एक कागद तपासला नाही.”

हा प्रकार एकट्याच्या बाबतीत घडलेला नाही. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १४ जुलै २०२५ रोजी खोट्या वजावटी दाखविणाऱ्यांविरुद्ध देशभर १५० ठिकाणी पडताळणीची मोहीम हाती घेतली. ज्या राज्यांतून पुरावे मिळाल्याचे मंडळाने सांगितले, त्यांत आपल्या महाराष्ट्राचे नाव आहे. विवरणपत्रे घाऊक भरून देणारे लोक तात्पुरते ई-मेल पत्ते तयार करतात आणि त्यामुळे नोटिसा न वाचताच राहतात, हेही त्याच निवेदनात म्हटले होते. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी स्वतः होऊन १,०४५ कोटी रुपयांचे चुकीचे दावे मागे घेतले होते.

आता मूळ प्रश्न असा, की खर्चाची रक्कम करमुक्त केव्हा असते? येथे आपल्या समजुतीत एक मोठी गफलत आहे. अंबरपेठेत राहणाऱ्या मुलाला माधापूर अथवा गच्चीबावलीस जाण्यासाठी सारे शहर ओलांडावे लागते. त्यात वेळ जातो, पैसा जातो, हे खरे. परंतु घरापासून कचेरीपर्यंतचा प्रवास हा कायद्याच्या दृष्टीने कर्तव्य बजावताना केलेला प्रवास नव्हे. तो कर्तव्यावर हजर होण्यासाठी केलेला प्रवास होय. कचेरीच्या कामासाठी येथून पुण्यास पाठविले, तर तो खर्च निराळा. त्याचे तिकीट व पावती असेल आणि रक्कम प्रत्यक्ष खर्च झालेली असेल, तर ती करातून वगळली जाते. पूर्वी नोकरीवर जाण्यायेण्यासाठी दरमहा १,६०० रुपयांची सरसकट सूट होती. आर्थिक वर्ष २०१८-१९ पासून ती सर्वसाधारण पगारदारांसाठी बंद झाली आणि तिच्या जागी प्रमाणित वजावट आली. ती वजावट नव्या करप्रणालीत आर्थिक वर्ष २०२४-२५ पासून ७५,००० रुपये झाली. सरकारने जाण्यायेण्याचा खर्च एकदा या वजावटीत धरलेला असताना तोच पुन्हा ‘प्रवासखर्च’ म्हणून मागणे टिकत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, आर्थिक वर्ष २०२२-२३ मध्ये जुन्या प्रणालीखाली एकास दरमहा ६०,००० रुपये मिळत होते आणि मधल्या कंपनीने त्यांतील १२,००० रुपये पावत्यांवाचून खर्च म्हणून दाखविले. वर्षाचे झाले १,४४,०००. त्यावर २० टक्के कर व उपकर मिळून सुमारे ३०,००० रुपये वाचले. म्हणजे महिन्याला अडीच हजार. १९६१ च्या आयकर कायद्यात, ज्या खर्चास कोणताही पुरावा नाही असा खर्च दाखविणे हे उत्पन्नाची चुकीची माहिती देण्याच्या प्रकारांत स्पष्ट शब्दांत मोडते आणि त्याची शास्ती बुडविलेल्या कराच्या दुप्पट आहे. मूळ कर ३०,०००, शास्ती सुमारे ६०,०००, आणि व्याज वेगळे. मधल्या कंपनीस यात काय भरावे लागले? या मुलाच्या करापोटी काहीच नाही. विवरणपत्र त्याच्या नावाचे आहे, त्यावरील प्रतिज्ञा त्याची आहे.

कामगार विभागात काम करणाऱ्यास ही गोष्ट विशेष खटकते, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. मजुरीच्या बाबतीत आपला कायदा कंत्राटदाराच्या पाठीमागे पाहतो. १९७० च्या कंत्राटी कामगार अधिनियमाने, कंत्राटदाराने मजुरी बुडविली तर ती मूळ मालकाने द्यावी, असे ठरविले. तो अधिनियम आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या कामगार संहितेत विलीन झाला आहे, तरी हे तत्त्व कायम आहे. आयकराचे तसे नाही. तेथे खोटा खर्च कोणी सुचविला यापेक्षा तो कोणाच्या विवरणपत्रात आहे, हे पाहिले जाते. मजुरीसाठी वर बोट दाखविता येते. खर्चाच्या दाव्यासाठी ते बोट आपल्याकडेच वळते.

मग कंपन्या पगाराचे असे तुकडे का पाडतात? मुलाचा कर वाचावा, एवढीच कळकळ त्यामागे असते असे मला वाटत नाही. मूळ वेतन लहान आणि भत्ते मोठे दाखविले, की कमी पगाराच्या कामगारांच्या बाबतीत भविष्य निर्वाह निधीची मालकाची वर्गणी कमी होते. सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१९ च्या विवेकानंद विद्यामंदिर प्रकरणातील निर्णयात, सर्वांना सरसकट दिले जाणारे भत्ते हे मूळ वेतनाचाच भाग होत, असे सांगितले. नव्या वेतन संहितेनेही वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्यास वरचा भाग वेतनात धरण्याची तरतूद केली आहे. शिवाय आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत पगारदाराच्या १२,७५,००० रुपयांपर्यंतच्या वार्षिक पगारावर कर लागत नाही. आमच्या उदाहरणातील ६०,००० रुपयांच्या मुलास आज खोट्या खर्चाची गरजच नाही! तरीही पगारचिठ्ठीवर तेच रकाने दिसले, तर ते कोणाच्या सोयीसाठी आहेत, हे विचारावयास हवे.

दुसरा प्रकार याहून फसवा आहे. काही मुलांना कर्मचारी म्हणून न घेता ‘कन्सल्टंट’ म्हणून घेतले जाते. काम तेच, वेळ तीच, वरिष्ठ तेच. पण कर कापतात तो पगार म्हणून नव्हे, व्यावसायिक शुल्क म्हणून, बहुधा १० टक्के. मुलगा घरी ‘पगार’ असे सांगतो आणि विवरणपत्रातही पगारच लिहितो. प्रमाणित वजावट मात्र केवळ पगारावर मिळते, शुल्कावर नाही. खात्याच्या नोंदीत एक आणि विवरणपत्रात दुसरे, अशी विसंगती झाली की नोटीस येते. व्यावसायिकास खरा खर्च वजा करता येतो, हे कबूल; किंवा कायद्यात सांगितलेल्या ठरावीक व्यवसायांत, मर्यादेच्या आतील जमेपैकी निम्मी रक्कम उत्पन्न मानून हिशेबाच्या वह्यांच्या कटकटीतून सुटताही येते. परंतु निम्मी रक्कम सोडून वर पुन्हा प्रवासाची व संगणकाची बिले लावणे, हे दोन्ही डगरींवर हात ठेवणे झाले.

परदेशात, विशेषतः ब्रिटनमध्ये गेलेल्या आपल्या मुलांसाठीही चार शब्द सांगतो. तेथे अशा मध्यस्थास ‘अंब्रेला कंपनी’, म्हणजे छत्री कंपनी म्हणतात. या छत्रीखाली काम करणारे लोक घर ते काम हा प्रवास आणि जेवणखर्च करातून वगळीत असत. कोणाच्या तरी देखरेखीखाली व हुकमतीखाली काम करणाऱ्यांसाठी ती सवलत ६ एप्रिल २०१६ पासून बंद झाली. काही छत्र्यांनी तर वेतनाचा मोठा भाग ‘कर्ज’ म्हणून देण्याची शक्कल काढली. कर्जावर कर नसतो आणि ते फेडावयाचेही नव्हते. आपल्याकडील उचल निदान कामातून फिटते. ही उचल फिटण्यासाठी नव्हतीच. तेथील संसदेने २०१७ मध्ये कायदा केला आणि ५ एप्रिल २०१९ रोजी थकलेल्या अशा कर्जांवर एकदम कर आकारला. छत्र्या बव्हंशी मिटून गेल्या होत्या; मागण्या काम करणाऱ्यांच्या दारी आल्या. छत्री कंपनीने कर बुडविल्यास तिला काम देणाऱ्या एजन्सीसही एप्रिल २०२६ पासून जबाबदार धरण्याचे धोरण तेथील सरकारने २०२४ च्या अंदाजपत्रकात जाहीर केले, ते एवढे सारे होऊन गेल्यावर.

आता एक दिलासा देणारी गोष्ट. मधल्या कंपनीने तुमच्या पगारातून कर कापला, पण सरकारजमा केला नाही, तर तो तुमच्याकडून दुसऱ्यांदा वसूल करता येत नाही. १९६१ च्या कायद्यात तसा स्पष्ट मनाई-नियम आहे आणि केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १ जून २०१५ आणि ११ मार्च २०१६ रोजी आपल्या अधिकाऱ्यांना त्याची आठवणही करून दिली. मात्र कर कापला गेला हे तुम्हांला दाखविता आले पाहिजे. पगारचिठ्ठी आणि पगार जमा झाल्याचे बँकेचे पासबुक, या दोन वस्तू म्हणून टाकून देऊ नयेत. कंपनी बंद पडल्यावर त्या मिळत नाहीत, हे मी भाच्याबरोबर एका कुलूपबंद कचेरीसमोर उभे राहून शिकलो.

ज्यांच्या मागील विवरणपत्रांत असे खर्च आहेत, त्यांनी घाबरून जाऊ नये. पण थांबूनही राहू नये. अद्ययावत विवरणपत्र भरण्याची मुदत २०२५ मध्ये दोन वर्षांवरून चार वर्षे करण्यात आली आहे. जितका उशीर तितका जादा कर : पहिल्या वर्षी २५ टक्के, मग ५०, ६० आणि चौथ्या वर्षी ७० टक्के. तरीही हे दुप्पट शास्तीहून पुष्कळ हलके आहे, आणि नोटीस येण्यापूर्वी ही वाट धरलेली बरी. माझ्या भाच्याने एका वर्षाचा भुर्दंड सोसला. दुसऱ्या वर्षाचे विवरणपत्र मात्र वेळेत दुरुस्त केले. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा २०२५ च्या आयकर कायद्याने घेतली असल्यामुळे कलमांचे क्रमांक बदलले आहेत, पण मागील वर्षांचे हिशेब जुन्या कायद्यानेच पाहिले जातील.

माझे बोलणे येथे थांबवितो. ज्यांनी पगारचिठ्ठ्या बरोबर आणल्या आहेत, त्यांनी कृपया पुढील रांगेत यावे. प्रथम आयकराच्या पोर्टलवर आपल्या नावापुढे ई-मेलचा व दूरध्वनीचा पत्ता कोणाचा आहे, तेवढे पाहू, बाकीचे त्यानंतर.