रायफल, रानडुक्कर आणि बांधापलीकडचा माणूस
(भाषणाचा मजकूर)



भाताच्या लोंबीत दूध भरलं की आपल्या कर्जत-खालापूरकडे रात्रीची झोप उडते. संध्याकाळी शेत चांगलं उभं असतं आणि सकाळी बघावं तर मधोमध लोळवलेलं. रानडुक्कर खातं थोडं आणि तुडवतं जास्त. भात संपलं की ते वालाच्या, रताळ्याच्या, सुरणाच्या मागे लागतं. राजनाल्याच्या पाण्यावर उन्हाळी भात घेणाऱ्यांना तर दोनदा राखण करावी लागते. तेव्हा शेतकऱ्याला बंदुकीची आठवण झाली, तर त्यात नवल नाही.

खालापूर तालुक्यातल्या एका श्रोत्याने विचारलं आहे : “आमच्या घरात आजोबांच्या वेळची रायफल आहे. चापाखालची तरफ खाली-वर केली की नवी गोळी भरते. पिस्तुलाचंच काडतूस तिला चालतं. परवाना वडिलांच्या नावावर होता, ते गेल्या वर्षी वारले. काडतूस लहान, म्हणजे धोकाही कमी. ही रायफल राखणीला वापरू का?”

प्रश्न सरळ आहे, म्हणून उत्तरही सरळ देतो. वापरू नका. का नको, ते आता सांगतो. ज्यांच्याकडे दुसरी बंदूक आहे त्यांनाही ते उपयोगी पडेल.

आधी ही रायफल काय आहे ते पाहू. हिला लिव्हर अ‍ॅक्शन म्हणतात. अमेरिकेतल्या विंचेस्टर कंपनीची १८७३ सालची रायफल ही यातली सगळ्यांत नावाजलेली. तिचं ४४-४० नावाचं काडतूस पुढे पिस्तुलांनाही चालू लागलं. कमरेला एक आणि खांद्याला एक, दोन्हींना काडतूस एकच, ही तिकडच्या लोकांची सोय. आपल्याकडे अशी रायफल फार क्वचित, एखाद्या जुन्या परवान्यावर सापडते. परदेशातून नवी मागवणं सामान्य माणसाला १९८० च्या दशकापासून बंद झालं आहे. सरकारी कारखान्यांतून .३२ बोअरची, .३१५ बोअरची आणि १२ बोअरची काडतुसं येतात. ४४-४० चं काडतूस बाजारात सहसा मिळत नाही. म्हणून कुणी घरी दारू भरून देतो म्हणाला, तर त्याच्या नादी लागू नका. तो गुन्हा आहे, आणि नळी फुटून हात-डोळा जाण्याची भीती आहे. शंभर वर्षांपूर्वीची यंत्रणा आजच्या जोरदार दारूसाठी बनवलेली नाही.

आता “लहान काडतूस, कमी धोका” या समजुतीकडे येऊ. सगळी चूक इथेच होते.

पिस्तुलाचं काडतूस लांब नळीतून सुटलं की गोळीला वेग जास्त मिळतो. तरीही ही गोळी जड आणि बोथट असते, त्यामुळे लवकर खाली येते. पन्नास मीटरवर नेम बसवलेली अशी रायफल शंभर मीटरवर साधारण एक वीतभर खाली मारते आणि दीडशे मीटरवर सुमारे दीड हात. म्हणजे नेमाच्या दृष्टीने ही शंभर मीटरच्या आतली रायफल. अंधारात, हलत्या भातात, बॅटरीच्या उजेडात अंतराचा अंदाज चुकतो. मग डुक्कर जखमी होऊन रानात शिरतं. जखमी डुक्कर सकाळी रानात पानं-लाकडं गोळा करणाऱ्या माणसावर येतं.

पण नेम शंभर मीटरचा म्हणून गोळी शंभर मीटरवर थांबत नाही. नळी थोडी वर राहिली तर तीच गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. आता आपल्या शेतापासून दीड किलोमीटरचा फेरा मनात मारा. त्यात काय काय येतं? ठाकरवाडी, कातकरवाडी, एखादं फार्महाऊस, रेल्वेची लाईन, माथेरानची पायवाट, कोथळीगडावरून रात्री उतरणारी मुंबईची पोरं. पहिल्या पावसात बॅटऱ्या घेऊन खेकडे धरायला बाहेर पडलेली आपलीच माणसं. इथे मोकळं रान असं आता कुठे उरलं आहे?

आणखी एक गोष्ट. पोरं तळ्यात चपटी खापरी फेकतात, ती पाण्यावर उड्या घेत जाते. गोळीही तशीच जाते. पाणी भरलेल्या खाचरावर किंवा कातळावर तिरकी लागली तर ती मातीत शिरत नाही, घसरून भलतीकडे उडते. आपली शेती म्हणजे खाचरं आणि कातळ. ज्या बाजूला नळी नव्हती, त्या बाजूलाही माणूस मरू शकतो.

या रायफलीची स्वतःचीही काही खोडी आहे. काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक रांगेत बसतात. पुढच्याच्या बुडाला मागच्याचं टोक टेकलेलं असतं आणि बुडाच्या मधोमध पेटणारी टोपी असते. टोकदार गोळीचं काडतूस घातलं आणि रायफल आपटली, तर ती टोपी तिथेच पेटू शकते. म्हणून चपट्या टोकाचीच गोळी चालते. दुसरं असं की तरफ ओढली की घोडा मागे जाऊन अडकतो. गोळी मारायची नसेल तर पुष्कळ जुन्या रायफलींत तो अंगठ्याने धरून हळूच पुढे सोडावा लागतो. हात घामाने किंवा दवाने ओला असेल तर अंगठा निसटतो आणि गोळी सुटते. तिसरं, एक गोळी काढली म्हणजे रायफल रिकामी झाली असं नाही. खालच्या नळीत आणखी असतात. “रिकामी आहे” असं म्हणत नळी माणसाकडे वळवलेली कुणी पाहिली तर त्याला तिथेच थांबवा.

एक अनुभव सांगतो. ऑक्टोबरातली रात्र होती. मी माळ्यावर बसलो होतो, हातात १२ बोअरची बंदूक. भात पिवळं पडलेलं. चाळीस पावलांवर लोंब्या हलल्या, थांबल्या, पुन्हा हलल्या. खाली काहीतरी काळं वाकलेलं. मी घोडा मागे ओढला. मला डुक्कर दिसलं, असं मी आजही शपथेवर सांगितलं असतं. तेवढ्यात ते खोकलं. शेजाऱ्याचा मुलगा होता. कापणीआधी शेतातलं पाणी काढायला बांध फोडत होता. बॅटरी विझवून ठेवली होती, सेल वाचावेत म्हणून. मी बंदूक खाली ठेवली ती सकाळपर्यंत उचलली नाही. त्याच्या आईला ही गोष्ट मी आजतागायत सांगितलेली नाही.

माझा मुलगा खोकला, सगळ्यांचा खोकत नाही. २०२५ च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात मनोरजवळच्या जंगलात रानडुकराच्या शिकारीला गेलेल्यांनी आपल्याच सोबत्यांवर डुक्कर समजून गोळी झाडली आणि माणूस गेला. ती माणसं वाईट नव्हती. त्यांना डुक्करच दिसलं होतं. डोळ्याला जे हवं असतं तेच अंधारात दिसतं.

आता कायद्याचं. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक सांगितली आहे. ती पुरेशी नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मिळू शकते. रायफलच्या नळीत आत पेचदार खाचा असतात, ती या सोयीत बसत नाही. कारण साधं आहे. छऱ्याचा जोर लवकर संपतो, रायफलच्या गोळीचा संपत नाही.

पत्र लिहिणाऱ्या भावांनो, तुमच्यासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. परवाना वडिलांचा होता, तुमचा नाही. परवानाधारक वारला की शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं असतं. उशीर झाला असेल तर आता करू नका. रायफल घेऊन निघण्याआधी ठाण्यात जाऊन सांगा, जुना परवाना आणि मृत्यूचा दाखला दाखवा, ते सांगतील तशी जमा करा आणि पावती घ्या. आजोबांची आठवण म्हणून ठेवायची असेल तर वारस म्हणून अलिबागला जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. मिळाला तर ठीक, नाहीतर विकता येते. माळ्यावर, कणगीआड लपवलेली रायफल मात्र घराला तुरुंगाचं दार दाखवते.

परवान्याची बंदूक आहे म्हणून डुक्कर मारण्याची मुभा मिळाली, असंही नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाला धोका झालेल्या अशा प्राण्याला मारायला वनखात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. विनापरवानगी शिकारीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. परवानगीने मारलेलं जनावरही सरकारी मालमत्ता असतं, त्याचं मटण वाटायचं नसतं. अभयारण्याच्या हद्दीपासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने वनखात्याकडे आपली नोंद करायची असते. भीमाशंकरच्या पायथ्याची आणि कर्नाळ्याच्या बाजूची गावं यात येतात का, ते आपल्या वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या.

मग राखण करायची कशी? एकट्याने नाही, आळीने करावी. पाळ्या लावा. कोण कुठल्या माळ्यावर, कोण पाणी काढायला जाणार, हे संध्याकाळीच ठरवा. शेतात उतरणाऱ्याने बॅटरी चालू ठेवावी आणि बोलत जावं. डुक्कर बोलण्याला भितं आणि माणूस ओळखू येतो. डबे, फटाके, कुत्री यांची जागा बदलत राहा, कारण डुक्कर चार दिवसांत सरावतं. सौर कुंपण परवडत नसेल तर चारजणांनी मिळून करावं. विजेच्या खांबावरून थेट तार मात्र कधीही सोडू नका, तिने माणसंही मरतात. नुकसान झालं तर पाय पडलेल्या जागी फोटो काढा, सात-बारा घ्या आणि लगेच वनरक्षकाकडे भरपाईचा अर्ज द्या.

ज्यांच्याकडे परवाना आणि परवानगी दोन्ही आहेत, त्यांनी एवढं पाळावं :

१. बंदूक नेहमी भरलेलीच आहे असं समजा.
२. नळी माणसाकडे, घराकडे, वाटेकडे वळू देऊ नका.
३. बोट चापावर सगळ्यात शेवटी.
४. डुकराचं तोंड आणि चारही पाय दिसल्याशिवाय नेम नाही. हलणारी लोंबी म्हणजे डुक्कर नव्हे.
५. गोळी माळ्यावरून खाली, मऊ मातीत जाईल अशीच. डुकरामागे चढ किंवा बांध नसेल तर गोळी नाही.
६. दारू प्यायलेल्याने बंदुकीला हात लावू नये आणि त्याला कुणी लावू देऊ नये.
७. बंदूक आणि काडतुसं वेगवेगळ्या कुलपात. परवाना ज्याच्या नावावर, त्यानेच वापरावी. राखणदाराच्या हाती देऊ नये.

भाताचं नुकसान मोठं असतं, हे मला माहीत आहे. मीही शेतकरी आहे. पण गेलेलं भात पुढच्या वर्षी पेरता येतं. चापावर बोट ठेवण्याआधी एकच प्रश्न स्वतःला विचारा : डुकराच्या मागे काय आहे? उत्तर ठाऊक नसेल तर बोट काढा.

आजच्यापुरतं एवढंच. राखण जपून करा. नमस्कार.