हौशी रेडिओची वीज



या व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास, संगीत यांवर अधिकाराने बोलणारी माणसे येतात. मी बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत कामगार संघटनेचे काम करणारा माणूस. शाळा दहावीला संपली. पुढे जे शिकलो ते वाचनालयात, रात्रपाळीच्या सुट्टीत आणि बरेचसे नाइलाजाने. तेव्हा पांडित्याची अपेक्षा ठेवू नये. प्रश्नही लहानच आहे : हौशी रेडिओचा छोटा संच घरी ठेवला, तर त्याला वीज कशातून द्यावी?

हौशी रेडिओ म्हणजे सरकारची परीक्षा देऊन, परवाना घेऊन, स्वतःच्या घरातून बिनतारी संदेश पाठविण्याचा छंद. एकाच पेटीतून बोलता आणि ऐकता येते. तिला ट्रान्सीव्हर म्हणतात. माझी पेटी पाच वॅटची, म्हणजे शक्ती रात्रीच्या दिव्याएवढी. तरी आकाश अनुकूल असले तर तिचा आवाज शेकडो किलोमीटर जातो. ३० सप्टेंबर १९९३ च्या लातूर भूकंपात आणि २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात अशा हौशी मंडळींनी निरोप पोचविले. आपल्याकडे डहाणू-तलासरीची जमीन नोव्हेंबर २०१८ पासून हादरे देऊ लागली. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ याच किनाऱ्याजवळून गेले. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले, पण पहिल्या पावसाला आमच्या चाळीतले दिवे जातात ते जातातच! म्हणून ही पेटी दिवे गेल्यावर चालली पाहिजे, आणि दिवे असताना तिने कोणाचा जीव घेता कामा नये.

जीव घेण्याची भाषा मी उगाच करीत नाही. मी पंचविशीत असताना एका कारखान्यात माझा एक सोबती लोखंडी टाकीत उतरून साफसफाई करीत होता. हातात उजेडासाठी दिवा होता, २३० व्होल्टांचा. दिव्याची वायर खरचटलेली, टाकी ओली, अंगावर घाम. तो जिवंत वर आला नाही. चौकशीच्या कागदावर कारण लिहिले, ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. मला वीज काय असते ते तेव्हा ठाऊक नव्हते, म्हणून त्या कागदाला उत्तर देता आले नाही. मग मी पुस्तके धुंडाळली. तेव्हा कळले, की १९४८ च्या कारखाने कायद्यात १९७६ साली ३६-अ हे कलम घातले गेले होते. त्यात अशा बंदिस्त जागेत, पुरेशी संरक्षक साधने नसतील तर, २४ व्होल्टांहून अधिक दाबाचा हातदिवा वापरावयाचा नाही, असे स्पष्ट लिहिले होते. दिवा २४ व्होल्टांचा असता, तर वायर खरचटूनही तो माणूस बहुधा घरी गेला असता.

त्या दिवसापासून कोणतेही यंत्र पाहिले की मी एकच प्रश्न विचारतो. ते चालते कसे, हा नव्हे. ते बिघडले तर काय होईल, हा. आजच्या विषयालाही हीच कसोटी लावू.

पेटीला साधारण १२ ते १३.८ व्होल्ट लागतात. एवढ्याने सहसा माणूस मरत नाही. धोका आहे तो २३० व्होल्टांना १२ करणाऱ्या वस्तूत. बाजारात दिव्यांच्या पट्टीसाठी मिळणारा बिननावाचा स्वस्त अ‍ॅडाप्टर घ्या. आत एका बाजूला घरची वीज, दुसऱ्या बाजूला पेटीची, आणि मध्ये पातळसे आवरण. ते आवरण फुटले तर २३० व्होल्ट थेट पेटीवर येतात. आणि पेटी चालविणाऱ्याचा हात असतो मोर्सच्या धातूच्या कळीवर, कानाला लागलेले असतात हेडफोन! काही भिकार वस्तूंत तर हे आवरणसुद्धा नसते. शिवाय असले अ‍ॅडाप्टर रेडिओत इतकी खरखर करतात, की दूरचा क्षीण आवाज तीत बुडून जातो. अ‍ॅडाप्टर घ्यावयाचाच तर मानक ब्यूरोची नोंदणीखूण आणि नाव-पत्ता असलेला घ्यावा.

दुसरा मार्ग जुना, जड ट्रान्सफॉर्मरचा. खरखर नाही, आवरण भक्कम. पण त्यातला दाब आवरून धरणारा ट्रान्झिस्टर जळून आरपार झाला, तर १३.८ च्या जागी १८-२० व्होल्ट पेटीत शिरतात आणि पेटी संपते. म्हणून त्यात ‘क्रोबार’ असावा : दाब वाढताच तो वाट जोडून टाकतो आणि फ्यूज उडतो. या पुरवठ्याला तीन पिनांचा प्लग व खरे अर्थिंग हवे. तिसरी पिन काढून टाकणे म्हणजे जिवाशी खेळ. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा. हौशी मंडळींना पेटी उघडण्याची खोड असते. वीज बंद केल्यावरही आतले कपॅसिटर भरलेले असू शकतात, हे विसरू नये.

तिसरा मार्ग बॅटरीचा, आणि नवख्याला मी हाच सुचवीन. पेटी वापरताना भिंतीशी संबंधच नाही, खरखर नाही, आणि दिवे गेले तरी काम चालू. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बंद शिसे-आम्ल बॅटरी घ्या. बोलताना पेटी २ अँपिअर खाते, ऐकताना ०.३. तासातील पाव तास बोललात तर खर्च सुमारे ०.७ अँपिअर-तास. बॅटरी निम्मीच वापरावी, म्हणजे पाच तास मिळाले. संकटकाळात पाच तास थोडे नव्हेत.

पण बॅटरी बिघडली तर? तिच्या दोन टोकांवर पाना पडला, तर शंभराच्या आसपास अँपिअर वाहू शकतात. वायर लाल होते, घर पेटते. म्हणून धन टोकापासून वीतभर अंतरात ४ अँपिअरचा फ्यूज हवाच. तो उडाला की तांब्याची जाड तार गुंडाळणारे महाभाग मी फार पाहिले. त्यांनी फ्यूजच मारला असे समजावे. धन-ऋण उलटे लागूच नये, असा जोड वापरावा. चार्जर १३.६ ते १३.८ व्होल्टांवर थांबणारा, आणि खोली हवेशीर, कारण जास्त चार्ज झाल्यास हायड्रोजन निघतो. लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरी हलकी आणि चांगली, पण तिचा स्वतःचा चार्जर आणि संरक्षक सर्किट हवे. भंगारातल्या लॅपटॉपचे सेल जोडून बॅटरी बनवू नये; ती आगीची पेटी होते. सौर पट्टी थेट पेटीला लावू नये. १२ व्होल्टांची म्हणविणारी पट्टी मोकळी असता २१ व्होल्ट दाखवते. मध्ये नियंत्रक आणि बॅटरी हवी. आणि आपली किनाऱ्याची खारी हवा जोड खाते. ते दर पावसाळ्याआधी घासून घट्ट करावेत.

हे सारे ऐकून कोणी म्हणेल, ‘सावध राहिले की झाले.’ मंडळी, माणूस थकतो, घाईत असतो, अंधारात चाचपडतो. आणि आपली पेटी तर अंधारासाठी आणि घाईसाठीच ठेवावयाची आहे. म्हणून सावधपणा माणसाकडून मागण्याआधी तो वस्तूत घातला पाहिजे. वीतभर अंतरावरचा फ्यूज झोपत नाही आणि कोणाच्या दमदाटीला भीत नाही.

माझ्या सोबत्याच्या कागदाला मी त्या वेळी उत्तर देऊ शकलो नाही. आपल्यासमोर ते आज दिले.