गोरेपणाचा सोस



वर्तमानपत्रांतील 'वधू पाहिजे' हें सदर आपणांपैकीं बहुतेकांनीं कधीं ना कधीं वाचलें असेल. मुलगी सुशिक्षित असावी, गृहकृत्यदक्ष असावी आणि गोरी असावी, अशी त्यांतील मागणी असते. विद्या कष्टानें मिळवितां येते. घरकाम संवयीनें येतें. परंतु वर्ण हा जन्माबरोबर येतो. त्यांत मुलीचा गुण नाहीं, तसाच दोषही नाहीं. असें असतां या एका गोष्टीवरून स्थळें मोडतात, आणि जिला पांच-सहा वेळां नकार ऐकावा लागतो, ती मुलगी अखेर आरशापुढें बसून हातीं येईल तो लेप तोंडाला लावूं लागते. या लेपांविषयींच आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

प्रथम वर्ण म्हणजे काय, तें पाहूं. आपल्या त्वचेंत रंगद्रव्य निर्माण करणाऱ्या पेशी असतात. त्यांची संख्या गोऱ्या आणि काळ्या माणसांत जवळजवळ सारखीच असते. फरक पडतो तो त्या पेशी मेलॅनिन नांवाचें द्रव्य किती आणि कोणत्या जातीचें तयार करतात, यामुळें. हें द्रव्य म्हणजे उन्हांतील अतिनील किरणांपासून शरीराचें रक्षण करणारी छत्रीच होय. ज्या देशांत ऊन इतकें तापतें, तेथील लोकांना निसर्गानें ही छत्री जाड कापडाची दिली, यांत त्याची कृपाच दिसते. आपण मात्र ती फाडण्यासाठीं पैसे मोजतों.

हा सोस केवळ आपलाच आहे असें नाहीं. अठराव्या शतकांत इंग्लंडांतील उच्च कुळांतल्या स्त्रिया चेहरा शुभ्र दिसावा म्हणून शिशापासून केलेली पांढरी पूड लावीत. मारिया गनिंग, म्हणजेच काउंटेस ऑफ कॉव्हेंट्री, ही आपल्या काळची प्रख्यात सुंदरी. १७६० सालीं ऐन तारुण्यांत ती वारली, आणि त्या पुडींतील विष हेंच तिच्या मृत्यूचें कारण असें लोकांनीं मानलें. शिशाची ती पूड आतां मागें पडली आहे. परंतु तिच्याच जातीचा पारा अद्याप आपल्या बाजारांत आहे.

पाऱ्याचे क्षार त्वचेंत रंगद्रव्य तयार होण्याच्या क्रियेला अडथळा करतात. त्यामुळें थोड्याच दिवसांत चेहरा उजळल्यासारखा दिसतो, आणि लावणारीचा विश्वास बसतो. दिसतें तसें नसतें म्हणून जग फसतें, ही म्हण येथें अक्षरशः खरी ठरते. लेप थांबविला कीं मूळचा रंग परत येतो; म्हणून तो थांबविण्याचें धैर्य होत नाहीं. दरम्यान पारा त्वचेंतून रक्तांत उतरतो आणि मूत्रपिंडांत सांठतो. तेथील गाळणी बिघडली म्हणजे शरीरांतील प्रथिनें लघवीवाटे जाऊं लागतात. लघवीला फेस येतो, पायांवर व डोळ्यांभोंवतीं सूज चढते. पाऱ्याची वाफही होते. त्यामुळें ज्यानें लेपाला बोटही लावलेलें नाहीं असें घरांतील लहान मूलसुद्धां सुरक्षित राहील, असें म्हणतां येत नाहीं.

ही नुसती पुस्तकांतील भीति नव्हे. २०२३ सालच्या आरंभीं अकोल्याच्या एकाच घरांतील तिघी स्त्रियांना मूत्रपिंडाचा विकार जडल्याचें वृत्तपत्रांत प्रसिद्ध झालें. तिघीही एकच गोरेपणाचा लेप वापरीत होत्या, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत तपासणी झाली, तेव्हां त्या लेपांत पारा निघाला. केरळांतील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनीं जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळांत मूत्रपिंडाच्या एका विकाराच्या २२ रोग्यांची पाहणी केली. त्यांपैकीं १५ जणांत त्या विकाराचा एक विरळा प्रकार आढळला, आणि त्या १५ पैकीं १३ जण असले लेप लावीत होते. समाधानाची गोष्ट एवढीच कीं, लेप बंद केल्यावर बहुतेकांना आराम पडला.

आपल्या २०२० सालच्या सौंदर्यप्रसाधनविषयक नियमांप्रमाणें असल्या लेपांत पारा घालण्यास मनाई आहे. नकळत मिसळलेला पाराही दहा लाख भागांत १ भागाहून अधिक चालत नाहीं. तरीही विनापरवाना डब्या खपतात, कारण मागणी आहे.

ही मागणी कोण करतो? 'फेअर अँड लव्हली' हा लेप १९७५ सालीं बाजारांत आला. २०२० सालीं त्याच्या नांवांतून 'फेअर' हा शब्द गेला. त्यांत पारा होता असें माझें मुळींच म्हणणें नाहीं. त्याच वर्षीं 'शादी डॉट कॉम' या विवाह जुळविणाऱ्या संकेतस्थळानेंही वर्णावरून स्थळें निवडण्याची सोय काढून टाकली. शब्द गेला, सोय गेली. परंतु बाळंतिणीच्या खोलींत "मुलगी झाली, पण सावळी आहे" यांतील तो 'पण' अजून ऐकूं येतो. लेपाची विक्री खरी तेथूनच सुरू होते. आषाढांत पंढरीची वाट चालून सावळ्या विठ्ठलाच्या पायांवर डोकें ठेवणाऱ्या, कृष्णवर्णी द्रौपदीला लावण्यवती म्हणून गौरविणाऱ्या समाजाला आपल्याच घरांत सावळी सून खुपावी, ही विसंगति शोचनीय आहे. म्हणून लेप लावणाऱ्या मुलीला मी दोष देत नाहीं. बाजारांतील भाव ठरविणारीं माणसें निराळीं आहेत, आणि तीं बहुधा वडीलधारीं असतात.

घरांत असला लेप असेल तर आजच डबी पाहावी. बनविणाराचें नांव, पत्ता व परवान्याचा क्रमांक नसेल, घटकांत मर्क्युरी किंवा कॅलोमेल असा शब्द असेल, अथवा आठवड्याभरांत गोरेपणाचें वचन दिलें असेल, तर ती वापरूं नये. अंगावर सूज किंवा लघवीला फेस दिसल्यास डॉक्टरांकडून लघवीची तपासणी करून घ्यावी, आणि लेपाची गोष्ट त्यांच्यापासून लपवूं नये. आणि ज्यांच्या घरीं लग्नाचा मुलगा आहे, त्यांनीं जाहिरातींतील 'गोरी' हा एक शब्द खोडावा. छपाईचा खर्चही तेवढाच कमी होईल.