आवाज जपायचा तर साधन कोणते घ्यावे?



साकोली तालुक्यातल्या सानगडीला गेलात, तर तिथला जुना किल्ला पाहायला मिळतो. पडझड झाली असली, तरी दगड जागच्या जागी आहेत. आज नाही तर उद्या कुणी येऊन त्यांची मोजमापे घेईल. पण त्याच शिवारात धानाच्या रोवणीला वाकलेल्या बाया जे गाणे म्हणतात, किंवा दंडारीतला म्हातारा गडी जी चाल लावतो, तिचे तसे नाही. गाणारा गेला, की चालही गेली. म्हणून एखाद्या गुरुजींनी मनावर घेऊन हे आवाज मोबाइलवर टिपले, तर ते मोलाचे काम होय. गी पॉइटवां आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्यांतल्या कितीतरी ध्वनिमुद्रित झाल्या; म्हणून तर त्या आज आपल्याला ऐकता येतात.

टिपून झाल्यावर पुढचा प्रश्न येतो. मध्येच कोंबडा आरवला, कुणी खोकले, ट्रॅक्टर गेला; त्याची काटछाट कशावर करावी? संगणकावर या कामाला लागणाऱ्या सॉफ्टवेअरचे प्रकार इतके, की नवखा माणूस गोंधळून जातो.

पूर्वी निवडीचा प्रश्नच नव्हता बघा. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झाले. पुढे कित्येक वर्षे रेडिओचे ध्वनिमुद्रण चुंबकीय फितीवर होई. एका सेकंदाला साडेसात इंच फीत सरकायची. वक्ता दोन सेकंद खोकला, तर पंधरा इंच फीत ब्लेडने कापायची आणि दोन टोके चिकटपट्टीने जोडायची. कापण्यात चूक झाली, तर निस्तरणे जिकिरीचे. आज तेच काम पडद्यावर होते. आवाजाची नागमोडी रेघ समोर दिसते, नको तो भाग निवडावा आणि काढून टाकावा.

तर साधन निवडताना आपण स्वतःला तीन प्रश्न विचारावे.

पहिला प्रश्न, काम कोणते? एका बाईचे एक गाणे आहे, त्याचे पुढचे-मागचे टोक कापायचे आहे, आवाज थोडा मोठा करायचा आहे, एवढेच असेल, तर साधे साधन पुरते. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात दोघांनी मिळून सुरू केले आणि २००० साली लोकांसाठी खुले झाले. ते फुकट मिळते, विंडोजवर चालते, लिनक्सवरही चालते, आणि एकदा उतरवून घेतले की काम करताना इंटरनेट लागत नाही. खेड्यातल्या शाळेला ही गोष्ट लहान नाही. पण समजा, झाडीपट्टीतले एखादे नाटक बसवले, त्यात संवाद, पेटी, तबला असे दहाबारा वेगळे पदर एकत्र विणायचे आहेत. मग रीपरसारखे साधन सोयीचे. ते साठ दिवस वापरून पाहता येते, पुढे मात्र परवाना विकत घ्यावा लागतो. काही नामांकित साधने तर महिन्याच्या वर्गणीवरच मिळतात. वर्गणी थांबली, की आपण त्यात मांडून ठेवलेले काम आपल्यालाच उघडता येत नाही. शाळेने या वाटेला जाण्याआधी दहादा विचार करावा.

दुसरा प्रश्न, आपला आवाज उद्या दुसऱ्याला उघडता येईल काय? जवळजवळ प्रत्येक साधन आपले काम स्वतःच्या खास साच्यात साठवते. ऑडॅसिटीचेही तसेच आहे. म्हणून काम संपले, की तयार आवाज वेव्ह या साच्यात बाहेर काढून ठेवावा. हा साचा बहुतेक सर्व साधनांना वाचता येतो आणि त्यात आवाजाची झीज होत नाही. एमपीथ्री आकाराने लहान खरी, पण लहान करण्यासाठी आवाजातला काही अंश तिथे टाकून दिलेला असतो. तो परत येत नाही. मोबाइलवर पाठवायला एमपीथ्री चालेल, जपून ठेवायला वेव्हच. एका माणसाचा आवाज असा ठेवला, तर तासाला सुमारे तीनशे वीस मेगाबाइट जागा लागते. बत्तीस जीबीच्या पेन ड्राइव्हवर नव्वदाहून अधिक तास मावतात. एकच गोष्ट ध्यानात ठेवावी. पुष्कळ मोबाइल आवाज एमफोरए साच्यात ठेवतात, आणि विंडोजवर ऑडॅसिटीला तो वाचण्यासाठी एफएफएमपेग नावाची जोड वेगळी बसवावी लागते. त्यापेक्षा मुळातच वेव्हमध्ये टिपणारे ॲप मोबाइलवर घ्यावे, हे उत्तम.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. हे साधन सफाई किती करते, आणि आपण ती किती करू द्यावी? हल्ली एक बटण दाबले, की मागचा गोंगाट नाहीसा होतो. ऐकणारा खूश होतो. पण गोंगाटाबरोबर आवाजातले बारीक घर्षणही जाते, आणि सर्वांत आधी मार बसतो तो स, श, च यांसारख्या वर्णांना. आता आपल्या झाडीबोलीचा विचार करा. इथे डोळ्याला डोरा म्हणतात, पाण्याला पानी म्हणतात, आणि श च्या जागी स येतो. हीच तर या बोलीची ओळख. फार सफाई केलेले गाणे वीस वर्षांनी कुणी अभ्यासाला घेतले, तर आजी स म्हणाली की श, हे त्याला कळायचे कसे? तिची बोली टिपायला गेलो आणि तीच पुसून बसलो, असे व्हायला नको.

म्हणून नियम असा धरावा. मूळ ध्वनिमुद्रणाला हात लावू नये. त्याची प्रत काढावी आणि काटछाट, सफाई जे काय करायचे, ते प्रतीवर करावे. गाणे सुरू होण्यापूर्वी दहा सेकंद सर्वांना गप्प बसवून नुसती शांतता टिपावी. गोंगाट कमी करताना नमुना म्हणून तीच कामी येते, आणि मग थोडक्या सफाईवर भागते. गाणाऱ्याची परवानगी घ्यावी. नाव, गाव, तारीख त्यांच्याच तोंडून सुरुवातीला बोलवून घ्यावी. मूळ प्रत दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी, एक शाळेत आणि एक दुसऱ्या कुणाच्या घरी, आणि वर्षातून एकदा दोन्ही उघडून ऐकाव्या.

गुरुजी, महागडे साधन नाही म्हणून हे काम अडून राहू देऊ नका. साधन पुढे बदलता येते. आज ऑडॅसिटी आहे, उद्या याहून चांगले काही येईल, आणि मूळ आवाज शाबूत असला, तर त्यावर ते चालवताही येईल. यंदा रोवणी लागली, की एक दिवस वर्गातली चार मुले घेऊन बांधावर जा, आणि त्या बायांना विचारून त्यांचे गाणे टिपून आणा.