मुक्या जिवाचे दात



कामगार चळवळीत हयात घालविलेल्या माणसाने कुत्र्याच्या दातांवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. मी पदवीधर नाही, पशुवैद्य तर नाहीच. पण एका कुत्र्याने मला जे शिकविले, ते सांगण्यास उभा आहे.

आमच्या संघटनेच्या कचेरीच्या दारात मोती नावाचा कुत्रा राही. एके दिवशी त्याच्या डोळ्याखाली सूज आली. कोणी म्हणाले गांधीलमाशी चावली, कोणी म्हणाले पोरांनी दगड मारला. आम्ही हळद लावली. सूज उतरली आणि काही दिवसांनी पुन्हा आली. तेव्हा त्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी ओठ उचलून दाखविला. वरची मोठी दाढ चिरली होती व मुळाशी पू झाला होता. त्या दाढेची मुळे डोळ्याखालीच येतात. दाढ चिरली ती आम्ही प्रेमाने टाकलेल्या नळीच्या हाडांनी!

मोती भाकरी खात होता, म्हणून तो बरा आहे असे आम्ही धरून चाललो. रोज बुडेल म्हणून दुखणे अंगावर काढणारा ऊसतोड मजूर मी जन्मभर पाहिला. तक्रार नाही म्हणजे दुःख नाही, या युक्तिवादाशी जन्मभर भांडलो. आणि दारातल्या जिवाला मात्र तोच न्याय लावला. कुत्रा दात दुखत असतानाही खातो, हे ध्यानात ठेवा.

कुत्र्याला दुधाचे २८ आणि कायमचे ४२ दात असतात. साताव्या महिन्यापर्यंत कायमचे दात येतात. तोवर दुधाचा दात पडला नाही तर तो काढून घ्यावा लागतो. दात किडण्यापेक्षा हिरड्यांचा रोगच कुत्र्यांत फार. दातांवर चिकट थर बसतो, काही दिवसांत त्याचे पिवळे कीटण होते, हिरडी सुजते, दात हलतो; पुढे जबड्याचे हाडही झिजते. लहान जातींच्या कुत्र्यांत दातांची दाटी असल्याने हा त्रास अधिक. तोंडाला दुर्गंधी, एकाच बाजूने चावणे, हिरडीतून रक्त, पंजाने तोंड घासणे, ही त्याची लक्षणे होत.

उपाय खर्चाचा नाही. पिलू असल्यापासून तोंडाला हात लावू देण्याची सवय लावा. मऊ ब्रशाने किंवा बोटाला ओले फडके गुंडाळून रोज दात पुसा. आपली टूथपेस्ट वापरू नका. काहींतले झायलिटॉल कुत्र्याला विष आहे. ज्यावर नखाचा वण उठत नाही असे कठीण हाड देऊ नका, शिजविलेले हाड तर नकोच. त्याच्या फाका घशात अडकतात. कीटण चाकूने खरवडू नका. हिरडीखालची सफाई भूल देऊन डॉक्टरांनीच करावयाची असते. वर्षातून एकदा, रेबीजची लस टोचून घेताना, दातही दाखवा.

एक इशारा मात्र कळकळीने देतो. अनोळखी कुत्र्याची लाळ गळते आहे, जबडा लोंबतो आहे, म्हणून हाड अडकले असेल असे समजून तोंडात हात घालू नका. तो पिसाळलेला असू शकतो. लाळ जखमेला लागलीच, तर साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी लशीसाठी दवाखाना गाठा.

मोतीची दाढ काढली, तेव्हापासून सूज आली नाही. आज घरी गेल्यावर आपल्या कुत्र्याचा ओठ एकदा हलकेच उचलून पाहा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.