मिठाच्या जागी काळी बाटली



तुमच्या फ्रीजच्या दारात सोया सॉसची अर्धी बाटली आहे, हे मी न पाहता सांगते. मुलांनी कधीतरी 'घरी चायनीज कर' म्हणून हट्ट धरला, बाटली आली, दोनदा नूडल्स झाले आणि मग ती झाकणाभोवती काळा थर धरून बसली. आज तिला कामाला लावू. चायनीजसाठी नव्हे, रोजच्या रात्रीच्या जेवणासाठी. हार्बरची गाडी कॉटन ग्रीनला सोडते तेव्हा साडेसात वाजून गेलेले असतात, पुढे काळाचौकीपर्यंत पाय ओढत जायचं आणि घरी पोचल्यावर कुकर लावायचंही जिवावर येतं, अशा दिवसांसाठी.

चिनी माणूस या भागाला काही परका नाही. कॉटन ग्रीनहून सीएसएमटीकडे निघालं की रे रोड आणि मग डॉकयार्ड रोड. तिथं माझगावात सी यूप कून नावाचं चिनी देऊळ आहे, 1919 साली बांधलेलं. कँटनकडून बंदरात आलेल्या लोकांचं हे देऊळ. 1962च्या भारत-चीन युद्धानंतर त्यांच्यातली बरीच कुटुंबं पांगली, देऊळ मात्र राहिलं. चिनी नववर्षाला आजही तिथं दर्शनाला गर्दी होते.

पण आपण ज्याला चायनीज म्हणतो ते काही त्या देवळातून बाहेर पडलेलं नाही. मंचुरियनची गोष्ट चर्चगेटची. नेल्सन वाँग हे कोलकात्यात जन्मलेले आचारी. 1975च्या सुमारास ते क्रिकेट क्लब ऑफ इंडियात होते. कुणीतरी काहीतरी नवीन करा म्हणालं, तेव्हा त्यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची घेतली, पण गरम मसाला बाजूला ठेवून सोया सॉस घातला आणि कॉर्नफ्लोअरनं रस्सा दाट केला. ही हकीकत त्यांचीच आहे. वाटण सगळं आपलं, खारटपणा तेवढा चिनी! घरी आपल्याला नेमकं एवढंच करायचंय.

सोया सॉस म्हणजे मुळात मुरवलेलं खारं पाणी. शिजवलेलं सोयाबीन, भाजून भरडलेला गहू, त्यावर वाढवलेली एक बुरशी आणि मग मिठाच्या पाण्यात कित्येक महिने मुक्काम. या काळात प्रथिनं फुटतात आणि ग्लुटामेट सुटतं. तोंडाला पाणी आणणारी चव त्याची. टोकियोच्या किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये समुद्रातल्या शेवाळापासून ते वेगळं काढून दाखवलं. मूठभर सोडे पडले की वांग्याची भाजी कशी वर येते, हे ठाऊक असलेल्या कोकणी घरांना त्यात फारसं नवल वाटू नये. गंमत अशी की सोयाबीन आपल्याच लातूरकडे, विदर्भात लाखो हेक्टरांवर होतं. आपण त्याचं तेल काढतो आणि पेंड कोंबड्यांना घालतो.

स्वस्त बाटल्यांमध्ये हे मुरवणं बहुधा नसतं. आम्लानं प्रथिनं फोडतात आणि कॅरॅमलचा रंग देतात. मागच्या लेबलावर 'हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन' दिसलं तर समजा, त्यातली. टाकून देऊ नका, हात आखडता ठेवा म्हणजे झालं.

आता भात. दुपारचा उरलेला भात ओट्यावर तसाच ठेवू नका. मुंबईच्या दमट हवेत तो लवकर बिघडतो. निवला की लगेच फ्रीजमध्ये टाका. गार भात मोकळा असतो, परतायला तोच बरा. चार वाट्या भाताला पाच-सहा लसणीच्या पाकळ्या ठेचून, दोन मिरच्या, मूठभर उभा चिरलेला कोबी. लोखंडी कढई चांगली तापू द्या. तेल, लसूण, कोबी. कोबी कुरकुरीत असतानाच बाजूला सारून मधोमध दोन अंडी फोडा, ढवळा, मग भात. आणि अगदी शेवटी दोन लहान चमचे सोया सॉस. भातावर नव्हे, कढईच्या कडेनं. गरम लोखंडाला लागताच तो चुरचुरतो आणि एक खमंग वास सुटतो. चायनीजच्या गाडीसमोर आपले पाय थबकतात ते याच वासानं. सुरुवातीलाच घातलात तर करपून कडू होतो. अर्ध्या मिनिटात गॅस बंद, वर लिंबू. मीठ? चव बघितल्याशिवाय चिमूटभरही नाही. एका मोठ्या चमचाभर सॉसमध्ये दोन ग्रॅमच्या वर मीठ असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात पाच ग्रॅमच्या आत राहा म्हणते. घरात कुणाला रक्तदाब असेल तर हे आधी लक्षात घ्या. गव्हाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी लेबल वाचावं.

शिळ्या पोळ्यांचंही असंच. पोळ्यांची गुंडाळी करून कात्रीनं बारीक पट्ट्या कापा आणि कांदा, सिमला मिरचीवर परता. फोडणीच्या पोळीची ही धाकटी बहीण मुलं न कुरकुरता खातात. सुका जवळा असेल तर तो कोरडा भाजून, कांदा-टोमॅटोवर टाकून, कोकमाऐवजी चार थेंब सोया सॉस आणि शेवटी लिंबू. घरातली म्हातारी माणसं नाक मुरडतील, पण ताट रिकामं करतील. मशरूमला तर दुसरा मसालाच लागत नाही. आमटीत मात्र घालू नका. गोडा मसाला आणि सोया सॉस एका भांड्यात नांदत नाहीत, आणि त्यांना नांदवायचा हट्टही कशाला?

आणखी एक. परतलेला भात सकाळच्या डब्यासाठी राखून ठेवू नका. एकदा शिजलेला, एकदा परतलेला भात तिसऱ्यांदा गरम करण्यात अर्थ नाही. अंदाजानं थोडा कमीच करा, आणि कुणी अजून मागितलाच तर पोळीच्या पट्ट्या आहेतच, कढईही अजून गरम आहे.