गवताळ प्रदेशातील कुटुंबप्रमुख

अमेरिकेतील प्रेअरी हा गवताळ प्रदेश शिकविताना तेथे वसाहतीस आलेल्या विधवा मातेचीही ओळख मुलांस करून द्यावी. १८६२ च्या होमस्टेड कायद्यान्वये कुटुंबप्रमुखास १६० एकर सरकारी जमीन मागता येई. पाच वर्षे वास्तव्य व मशागत केल्यावर ती मालकीची होई. विवाहितेस सामान्यतः स्वतःच्या नावे अर्ज करता येत नसे. विधवेस मात्र तो अधिकार होता. लाकूड दुर्मिळ, म्हणून गवताच्या मुळांनी जखडलेल्या मातीचे ठोकळे कापून घर उभारावे लागे. ही भूमी मुळात तेथील आदिवासींची होती, हेही सांगावे. मग वर्गास विचारावे : पतीच्या हयातीत या मातेचे श्रम कमी होते काय? उत्तर मुलांनीच शोधावे.